चू २, झिरो रेड की ईआर२एसई: ख्याल ऐकणाऱ्याने वायरवाला इयरफोन कुठला घ्यावा?

वायरवाले इयरफोन घ्यायला निघालं की पहिला घोळ किमतीचा होतो, दुसरा इयरफोनचा आवाज मोजून काढलेल्या आलेखांचा. माझा घोळ तिसराच होता. जे लोक हे आलेख काढतात, त्यातले बहुतेक मी ऐकतो ते ऐकतच नाहीत. माझं ऐकणं म्हणजे ख्याल, जुनी नाट्यपदं आणि अधूनमधून ढोलकी कडाडणारी लावणी. म्हणून मूनड्रॉपचा चू २, ट्रूथिअरचा झिरो रेड आणि एटिमोटिकचा ईआर२एसई हे तिघे मी याच गाण्यांवर ताडून पाहिले.

भावाचं आधी उरकून टाकू. चू २ दोन हजारांच्या आत येतो, झिरो रेड साधारण पाच हजारांत. ईआर२एसई या दोघांपेक्षा बराच महाग, आणि आपल्याकडे तो दुकानात सहज दिसेल असं नाही.

माझी कसोटी तंबोऱ्याची. जवारी नीट लागलेली तार छेडली की मूळ स्वराबरोबर वरच्या स्वरांचा झुबका उठतो, आणि तो कानात कसा उतरतो यावर निम्मा निकाल लागतो. आपल्या उघड्या कानाची नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज मुळातच उचलून धरते. इयरफोन घातला की कान बंद होतो, मग तो उठाव इयरफोनने स्वतः द्यायचा असतो. कमी दिला तर तंबोरा गोधडीखाली ठेवल्यासारखा वाटतो, जास्त दिला तर तारा पत्र्याच्या होतात. या परीक्षेत तिघेही पास आहेत, आणि दोन हजारांच्या आतल्या वस्तूबद्दल हे लिहायला मिळतं याचं मला अजून अप्रूप आहे. ईआर२एसईवर मात्र झुबक्यातला एकेक स्वर सुटा होतो. चू २वर वरची बाजू जरा चकचकीत आहे. ‘स’ आणि ‘श’ थोडे टोचतात.

डग्ग्यावर तिघांच्या वाटा फुटतात. चू २चा डग्गा गुबगुबीत आहे. लावणीला मजा येते, पण विलंबित एकतालात तो गवयाच्या खर्जाच्या अंगावर येतो. पेटीवरच्या काळी एकचा षड्ज म्हणजे साधारण १३९ हर्ट्झ, आणि बेसचा फुगवटा तिथवर पोचला की पुरुषाचा आवाज जाड होतो. झिरो रेडमध्ये दोन डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे इवलेसे स्पीकर, आहेत, एक १० मिलिमीटरचा आणि एक ७.८ मिलिमीटरचा. बेसचा उठाव त्याने अगदी तळाशी ठेवला आहे, त्यामुळे डग्ग्याची घुमार राहते आणि गळा मोकळा राहतो. डब्यात १० ओहमचा एक छोटा जोड मिळतो. तो फोन आणि वायरच्या मध्ये लावला की बेस वाढतो. मी एकदा लावला, लावणी ऐकली आणि काढून ठेवला.

ईआर२एसई डग्गा मोजून देतो. मींड किती श्रुतींची घेतली ते कळतं, पण छातीत धक्का बसत नाही. जुन्या ७८च्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदं ऐकणाऱ्याला हेच वरदान आहे. त्या ध्वनिमुद्रणांत खाली गाणं नसतंच, असते ती यंत्राची घरघर. बेस उचलणारा इयरफोन तीच घरघर मोठी करून ऐकवतो. आणखी बेस हवा असणाऱ्यांसाठी याच घराण्यात ईआर२एक्सआर आहे.

एटिमोटिक ही मुळात श्रवणशास्त्रातली मंडळी. त्यांचा ईआर४ १९९१चा, म्हणजे बहुतेकांच्या घरात कॅसेट होत्या तेव्हाचा. तेव्हापासून त्यांचा हट्ट एकच: तीन पाळ्यांची रबरी टिप कानात खोल गेली पाहिजे. खोल म्हणजे खरंच खोल. पहिले दोन दिवस मला कुणी कान तपासतंय असं वाटत होतं. बदल्यात बाहेरचं जग जवळजवळ बंद होतं. लोकलच्या डब्यात मी आवाज निम्म्यावर ठेवून द्रुत बंदिश ऐकू शकलो, जे उरलेल्या दोघांवर जमलं नाही. पण चालताना वायर शर्टाला घासली की तिचा आवाज थेट डोक्यात येतो. क्लिप लावा, आणि रस्ता ओलांडताना मात्र काढाच.

झिरो रेडची गोची उलट आहे. त्याची कानात जाणारी नळी ६ मिलिमीटरहून जाड आहे. बारीक कानांत ती दुखते किंवा बसतच नाही, आणि नीट बसला नाही की बेस गळून जातो. नेटवर ‘याला बेसच नाही’ म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांचा दोष टिपचा असावा असा माझा संशय आहे. चू २ या बाबतीत सर्वांत सोशिक. त्याची वायर सुटी होते, पहिल्या चूची होत नव्हती; वायर तुटली की सगळंच गेलं, हा प्रकार आता संपला.

ताडून पाहताना तिघांचा आवाज सारखा करून घ्या. किंचित मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. मीही पहिल्या संध्याकाळी असाच फसलो. तिघांनाही साधा डोंगल, म्हणजे फोनला इयरफोनची पिन जोडून देणारा छोटा तुकडा, पुरतो; आवाज वाढवणारा वेगळा अँप नको. फक्त ॲपलचा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर पूर्ण आवाज देत नाही, तेव्हा फोन तसला असेल तर दुसरा घ्या. महागडी वायर घेऊन आवाज सुधारतो म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

पाच हजार असतील आणि कान अरुंद नसतील तर झिरो रेड घ्या. माझ्या टेबलावर रोज तोच असतो. कान अरुंद असतील किंवा हा पहिलाच इयरफोन असेल तर चू २. रोजचा लोकलचा प्रवास असेल, किंवा जुन्या मुद्रणांचं वेड असेल, तरच ईआर२एसईच्या मागे लागा. आणि त्याआधी कानात मळ साठला असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या, कारण इतकी खोल जाणारी टिप तो आणखी आत ढकलते. वापरलेला इयरफोन परत घ्यायला दुकानदार सहसा तयार होत नाहीत, म्हणून नळीच्या जाडीची चौकशी पैसे देण्याआधीच करा.