तलावांच्या प्रदेशात पायी: नवेगावबांध, प्रतापगड आणि मामा तलावांच्या वाटा

नवेगावबांधला येणाऱ्या बहुतेक पर्यटकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहाटे जिप्सी, दुपारी जेवण, सायंकाळी पुन्हा जिप्सी आणि वाघ दिसला नाही तर परतीच्या वाटेवर नाराजी. या सगळ्यात तलावाच्या वाट्याला फोटो काढण्यापुरता वेळ येतो. माझे मत असे आहे की भंडारा-गोंदियाचा हा तलावांचा प्रदेश गाडीत बसून कळत नाही. एका दिवसात झेपेल एवढी वाट धरून, गावातला माणूस सोबत घेऊन तो पायीच पाहावा लागतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील अशा तीन वाटा मी स्थानिक वाटाड्यांसोबत हिवाळ्यात चाललो आहे. त्या वाटा, वाटाड्यांची सेवा आणि तेथील सोयी यांविषयी हा अभिप्राय आहे.

पहिली वाट नवेगावच्या मोठ्या तलावाची. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असे मानले जाते. सुमारे 11 चौरस किलोमीटरचा हा पसारा टेकड्यांच्या मधल्या फटी मातीच्या बांधांनी बुजवून उभा राहिला आहे, हे बांधावर उभे राहून एकदा चहूकडे नजर फिरवली की आपोआप लक्षात येते. भोवतालच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात आणि कोलू पाटलांना आता कोलासूर देव म्हणून पुजतात. येथील राष्ट्रीय उद्यान 1975 मधले, तर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 मधला आहे. म्हणजे ज्या पाण्याच्या आधाराने हे जंगल आणि त्यातले प्राणी टिकले, ते पाणी त्याच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनी अडवून ठेवले होते. राखीव जंगलात पायी हिंडण्याची मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे ही वाट बांध, काठ आणि गावालगतचा माळ एवढ्यापुरतीच राहते, चढ जवळजवळ नाही आणि वयस्कर माणसांनाही ती सहज जमते.

या वाटेवर सूर्योदयापूर्वी पोहोचलेच पाहिजे. डिसेंबरात पाण्यावर धुके असते. ते विरळ होऊ लागले की आधी अडई बदकांची शीळ कानावर येते आणि मग काठाच्या उथळ पाण्यात वारकरी पक्षी, हळदी-कुंकू बदक, जांभळ्या पाणकोंबड्या एकामागून एक दिसू लागतात. नशीब चांगले असेल तर पट्टकादंबांचा थवाही दिसतो. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट आणि लडाखच्या उंच सरोवरांकाठी अंडी घालतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतो. दुर्बिणीतून पाहिले तेव्हा एक पक्षी मान ताठ करून पहाऱ्यावर उभा होता आणि बाकीचे काठावरचे गवत खुडत होते. आम्ही बांधावर बसून राहिलो तोवर त्यांनी आमची दखलही घेतली नाही, परंतु सोबतच्या एकाने उठून दोन पावले पुढे टाकताच सगळ्या माना एकदम वर झाल्या. एवढे पाहण्यासाठी थांबायची तयारी नसेल, तर या वाटेवर येऊन फारसे काही हाती लागणार नाही.

ज्यांना चढ हवा आहे, त्यांनी प्रतापगडला जावे. गोठणगावजवळचा हा डोंगर फार उंच नाही, तथापि ऊन चढण्याआधी निघालेले बरे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते, आणि महादेव व दर्गा या दोहोंच्या दर्शनाला एकाच डोंगराशी माणसे येतात, ही आमच्या भागातील जुनी रीत आहे. वाटेवर ऐन, धावडा, तेंदू आणि मोह आहेत; ऐनाची भेगाळलेली, सुसरीच्या पाठीसारखी साल हात लावून पाहण्याजोगी असते. वर पोहोचल्यावर गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाचे निळे पाणी आणि त्यात शिरलेली जंगलाची टोके दिसतात. शुद्ध देखाव्याच्या दृष्टीने तिन्ही वाटांत हीच सरस आहे, आणि स्वच्छ हवेच्या सकाळी तिला तोड नाही. हे पाणी पुढे गडचिरोली जिल्ह्यातील धानशेतीपर्यंत जाते, हे वाटाड्याने हाताने दिशा दाखवत सांगितले.

उतरल्यावर नॉर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत अवश्य जावे. ती 1972 पासून येथे आहे. मठासमोरच्या रंगीत पताका धानाच्या शेतांच्या पार्श्वभूमीवर पाहताना हा गोंदिया जिल्हाच आहे ना, असे क्षणभर वाटते. हिवाळ्यात येथील अनेक कुटुंबे स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली असतात, त्यामुळे वसाहत शांत वाटते. घरांत डोकावणे, न विचारता फोटो काढणे कटाक्षाने टाळावे; मठात मात्र नम्रपणे विचारले की आत येऊ देतात.

मला स्वतःला सर्वाधिक मोलाची वाटते ती तिसरी वाट, आणि तिचा उल्लेख कोणत्याही जाहिरातीत नसतो. ती माजी मालगुजारी (पूर्वी गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातील) तलावांची, म्हणजे आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो त्यांची वाट आहे. एका गावाच्या तलावावरून निघायचे, त्याच्या खालच्या बांध्यांमधून (धानाच्या वाफ्यांमधून) धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे वाफ्यांच्या बांधांवरून, चालत पुढच्या गावाच्या बोडीपर्यंत (लहान तलावापर्यंत) जायचे आणि तेथून टेकडीच्या पायथ्याने परत फिरायचे, एवढाच हा मार्ग. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन देण्याची गोंड राजांची पद्धत होती, असे सांगतात. कोहळी समाजाने त्या आधारावर गावोगावी तलाव उभे केले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. इतिहास म्हणून हे पुस्तकात वाचता येते, पण तलाव चालतो कसा, हे पाहायचे असेल तर पाळीवरच, म्हणजे तलावाच्या बांधावरच, उभे राहावे लागते.

आमच्या वाटाड्याने आधी आम्हाला पाळीच्या वरच्या अंगाला नेले. टेकडीवर पडलेला पाऊस कोणत्या घळीने उतरतो, उथळ पाण्यात देवधान (रानटी भात) आणि कमळ कोठे वाढते, मासे अंडी घालायला पावसाळ्यात कोठे चढतात, हे त्याने जागा दाखवून सांगितले. मग पाळीवर आलो. तेथे पाण्याच्या बाजूला दगडी तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे द्वार, होते: पाण्याच्या उंचीनुसार एकाखाली एक भोके, त्यांत बसवलेले लाकडी गुटके आणि ते काढले की पाळीच्या पोटातून पाटात उतरणारे पाणी. वरचे भोक आधी, खालचे नंतर, म्हणजे तलाव एकदम रिकामा होत नाही. पाळ ओलांडून खालच्या अंगाला उतरलो, तेव्हा एक म्हातारे शेतकरी त्याच पाटात हात धूत होते. त्यांनी आम्हाला विचारले, "पाहुणे कुठले जी?" आणि उत्तर ऐकल्यावर कोणत्या वर्षी पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोहोचले नव्हते, हे तपशीलवार सांगितले. तुडूम, पाट आणि बांधी यांचा हा संबंध समजल्यानंतर समोरचे हिरवे-पिवळे तुकडे केवळ देखावा राहत नाहीत.

नोव्हेंबरच्या अखेरीस गेलात तर धान कापून झालेले असते, शेतात पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) रचलेले असतात आणि कापणीआधीच उभ्या धानात फेकलेली लाखोळी (एक कडधान्य) ओलीवर उगवून बांध्या पुन्हा हिरव्या करत असते. तलावात ढिवर (मासेमार समाजाचे लोक) डोंग्यातून शिंगाडे काढताना दिसतात. सारसाची जोडी दिसण्याची आशा धरून लोक येतात. महाराष्ट्रात हा पक्षी प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे आणि तो धानाच्या शेतात घरटे करतो, म्हणून तो शेतकऱ्याच्या समजूतदारपणावर जगतो. जोडी दिसली तर दुरूनच पाहावी. जवळ जाण्याचा आग्रह धरणाऱ्या पर्यटकाला वाटाड्याने स्पष्ट नकार दिलेला मी पाहिला आहे, आणि या सेवेविषयी माझा विश्वास तेव्हाच पक्का झाला.

ही वाटाड्यांची सेवा गावातील तरुण चालवतात. त्यांचे कार्यालय नाही, रंगीत पत्रके नाहीत. गावात चौकशी केली की माणूस मिळतो. पक्ष्यांची नावे त्यांना झाडीबोलीत (या भागातील बोलीत) आणि पुस्तकी मराठीत, दोन्ही येतात. वेळ ते काटेकोर पाळतात. सुधारणेला जागा आहे ती दोन बाबतींत. दर लेखी ठरलेले नसल्याने नवख्या पाहुण्याला संकोच होतो, आणि प्रथमोपचाराची पेटी प्रत्येकाजवळ असतेच असे नाही. आधी सांगून ठेवल्यास एखाद्या घरी जेवणाची सोय होते. आम्हाला मिळालेले जेवण साधे होते: नव्या तांदळाचा भात, लाखोळीच्या डाळीचे वरण, झिंग्यांची चटणी आणि कोवळ्या लाखोळीच्या शेंड्यांची भाजी. हॉटेलच्या पनीरपेक्षा हे जेवण शंभर पटींनी चांगले होते, आणि वाढणाऱ्या काकूंनी दुसऱ्यांदा भात घेतल्याशिवाय कोणालाही उठू दिले नाही.

उणिवा सांगणे आवश्यक आहे, कारण त्या दूर होण्यासारख्या आहेत. बांधावर सहलीच्या दिवशी पत्रावळींऐवजी थर्माकोलच्या थाळ्या आणि पाण्याच्या बाटल्या पडलेल्या असतात. मोठ्या आवाजात गाणी लावणाऱ्या टोळ्यांना कोणी हटकत नाही, आणि त्या आवाजाने पाण्यावरचे पक्षी पार पलीकडच्या काठाला जातात. तिन्ही वाटांवर दिशादर्शक फलक नाहीत, आणि महिलांसाठी स्वच्छतागृहाची अडचण फार मोठी आहे. गावातल्या ओळखीच्या घराखेरीज दुसरा पर्याय राहत नाही. ज्या निवासस्थानी आम्ही उतरलो होतो, तेथे पहाटे चहासुद्धा मिळाला नाही, कारण स्वयंपाकघर नऊ वाजता उघडते असे उत्तर मिळाले. पक्षी पाहायला येणाऱ्या भागात ही व्यवस्था मुळीच चालण्यासारखी नाही. अनेक मामा तलावांत बेशरम ही झुडपी वनस्पती माजली आहे आणि गाळाने त्यांची खोली कमी झाली आहे. जेथे ढिवरांच्या संस्थांनी आणि गावकऱ्यांनी मिळून बेशरम उपटून काढली, तेथे पाणवनस्पती आणि पक्षी परत आल्याचे तेथील लोक अभिमानाने दाखवतात. पाहुण्यांनी असे तलाव मुद्दाम निवडावेत, म्हणजे चार पैसे त्याच गावात राहतील.

नागपूरहून येणाऱ्यांनी साकोली आणि कोहमारा मार्गे यावे. रेल्वेने यायचे असल्यास गोंदिया-बल्लारशा मार्गावरील देऊळगाव स्थानक नवेगावबांधला जवळ पडते, मात्र गाड्या मोजक्या असल्याने वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम आहे. पहाटे स्वेटर लागतो आणि दहा वाजता तोच काढून कमरेला बांधावा लागतो. धुऱ्यांवर दव असते, म्हणून चपलेऐवजी पकड असलेले बूट हवेत. पाणी सोबत न्यावे, डोक्याला दुपट्टा बांधावा, भडक रंगाचे कपडे टाळावेत. मार्चनंतर उन्हाचा तडाखा वाढतो, लहान बोड्या आटू लागतात आणि हिवाळी पाहुणे पक्षी परत गेलेले असतात. त्या दिवसांत मी कोणालाही या वाटांवर पाठवणार नाही.