एक्स्टेन्शन ट्यूब: वर्षभर वापरल्यावर, आणि विशेषतः त्या बटणाबद्दल

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे जवळून फोटो काढण्यासाठी कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची नळी. मागच्या आठवड्यात २० एमएमच्या ट्यूबचं लॉकचं (लेन्स सोडवायचं) बटण दाबलंच जाईना. लेन्स ट्यूबला अडकली ती अडकलीच. विकणारा म्हणाला, परत करायची मुदत संपली. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "सर, असल्या वस्तू आम्ही उघडत नाही." शेवटी दादरच्या एका घड्याळवाल्याने चिमट्याने स्प्रिंग सरळ केली. ५० रुपये!

१२, २०, ३६ एमएम लांबीच्या तीन ट्यूब, हा नेहमीचाच संच. आत काच नाही, नुसती पोकळ नळी. मॅक्रो लेन्सला (अगदी जवळून फोटो काढायच्या खास लेन्सला) ३०-४० हजार मोजायची माझी तयारी नव्हती, आजही नाही. ५० एमएमच्या लेन्सला ३६ची ट्यूब लावली की फूल सेन्सरवर खऱ्या आकाराच्या साधारण पाऊणपट उमटतं. दीड स्टॉप प्रकाश जातो (जेमतेम एक तृतीयांश उरतो) आणि फुलापासून वीतभरही अंतर उरत नाही. फुलपाखरांचा नाद सोडा.

उन्हाळ्यात मी हा संच विकायलाच काढला होता. ताम्हण फुललेलं आणि ऑटोफोकस नुसता पुढेमागे घरघरतोय. पावसाळ्यात ऑटोफोकस बंदच केला आणि मत फिरलं. आता फोकसची रिंगही फिरवत नाही. उकिडवं बसायचं, स्वतःच तसूतसूने पुढेमागे व्हायचं, श्वास सोडला की क्लिक. सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवरच्या शेवाळापुढे सकाळ कशी जाते कळत नाही. तेरड्याची शेंग तर लेन्ससमोरच फुटली (फोटो अर्थातच नाही). हिवाळा सरताना राणीच्या बागेत उर्वशी फुलते. बुधवारी बाग बंद, लक्षात ठेवा. तिचे लोंबते घोस जराशा वाऱ्याने झुलतात आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ ८ इतकं लहान ठेवूनही जेमतेम एक पुंकेसर स्पष्ट येतो. झुलणं थांबेस्तोवर बसून राहायचं. मला तेच आवडायला लागलंय.

पण ते बटण! नेमकं डाव्या हाताच्या बोटांखाली येतं. मे महिन्यात घामेजल्या हाताने लेन्स सावरताना ते दाबलं जातं आणि लेन्स फिरून सैल होते. इतकी साधी गोष्ट बनवणाऱ्याला सुचू नये? मी त्याभोवती इन्सुलेशन टेपचा उंचवटा केलाय, दिसायला भिकार आहे.

मुंबईच्या दमट हवेत एक फायदा: ट्यूबला काचच नाही, बुरशी धरणार कशाला? माझ्या झूमला धरली आणि सफाईचा आकडा ऐकून ती कपाटात गेली. ५० एमएम मात्र सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात असते.

घ्यायचाच तर कॉन्टॅक्टवाला, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स विजेने जोडणाऱ्या धातूच्या टिकल्या असलेला संच घ्या. बिनकॉन्टॅक्टच्या स्वस्त ट्यूबवर कॅमेऱ्यातून अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. १२ची ट्यूब मी क्वचितच काढतो. दुकानदार सुटी ३६ द्यायला तयार नव्हता, तिन्हींचे पैसे घेतले.