पोलिसांवरचा विश्वास मोजणारे दोन अहवाल: कोणता वाचावा आणि कसा

पोलिसांवर लोकांचा विश्वास किती, असा वाद निघाला की आपल्याकडे दोन अहवालांचे आकडे हमखास पुढे केले जातात. एक कॉमन कॉज ही स्वयंसेवी संस्था आणि लोकनीती-सीएसडीएस ही मतसर्वेक्षणे करणारी संशोधन संस्था यांनी २०१८ मध्ये काढलेला ‘स्टेटस ऑफ पोलिसिंग इन इंडिया’, आणि दुसरा इंडियन पोलीस फाउंडेशन या पोलीस सुधारणांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या ‘स्मार्ट पोलिसिंग’ सर्वेक्षणाचा. पहिल्यात २२ राज्यांतल्या १५,५६२ जणांच्या मुलाखती आहेत आणि पोलिसांवर खूप विश्वास आहे असे सांगणारे त्यांत २५ टक्क्यांहूनही कमी भरले. लष्कराच्या बाबतीत हेच प्रमाण ५४ टक्के होते. दुसऱ्यात तब्बल १,६१,१९२ जणांची उत्तरे आहेत, दहापैकी ८.११ गुण मिळवून आंध्र प्रदेश पहिला आला आहे आणि तळाला गेलेल्या बिहारलाही ५.७४ गुण आहेत, म्हणजे नापास कोणीच नाही. तीन-चार वर्षांच्या अंतराने एकाच देशातल्या पोलिसांबद्दल इतके वेगळे चित्र कसे निघते, हे समजून घेण्यासाठी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, हे एक कारण झालेच. मात्र खरा फरक उत्तर देणारा माणूस कसा गाठला, यात आहे असे मला वाटते. लोकनीतीच्या पद्धतीत मतदारयादीतून नावे निवडली जातात आणि मुलाखतकार त्या नावाचे घर शोधत जाऊन स्थानिक भाषेत प्रश्न विचारतो. त्यामुळे ज्याला आपणहून पोलिसांविषयी चकार शब्द काढायचा नव्हता, अशा माणसाचेही मत नोंदले जाण्याची शक्यता राहते. फाउंडेशनच्या सर्वेक्षणात ऑनलाइन प्रश्नावलीही वापरली होती, आणि ऑनलाइन प्रश्नावली भरणारा स्वतःला स्वतःच निवडतो. त्याच्या हाती फोन असतो, वेळ असतो आणि पोलिसांबद्दल काही तरी सांगण्याची हौस किंवा चीडही असते. असे दीड लाख अर्ज गोळा झाले तरी ते संपूर्ण राज्याच्या वतीने बोलतात असे मानता येत नाही, आणि म्हणूनच दहापट मोठी संख्या पाहून मी दुसऱ्या अहवालाला झुकते माप देणार नाही. त्याचे श्रेय इतकेच, की पोलिसांची संवेदनशीलता, वागणूक, निःपक्षपातीपणा, तंत्रज्ञानाचा वापर अशा बाबी त्याने सुट्या करून विचारल्या. २०१४ मध्ये गुवाहाटीच्या पोलीस महासंचालकांच्या परिषदेत पंतप्रधानांनी मांडलेल्या ‘स्मार्ट’, म्हणजे कठोर पण संवेदनशील, आधुनिक, सतर्क, विश्वासार्ह आणि तंत्रकुशल पोलिसांच्या, कल्पनेतून त्या निघालेल्या आहेत.

२०१८ च्या अहवालातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे भीती आणि विश्वास यांची केलेली वेगळी मोजणी. हवालदार दिसला की रस्ता बदलणारा माणूसही चोरी झाल्यावर ठाण्याचीच पायरी चढतो, आणि त्याला विश्वास आहे का असा एकच प्रश्न विचारला तर त्याचे ‘हो’ नेमके कशाचे निदर्शक आहे हे कळत नाही. या अहवालात जात, धर्म आणि राज्य यांनुसार उत्तरांची फोड केलेली आहे आणि त्याच्या जोडीला गुन्हे नोंदणी, तपास, मनुष्यबळ, तुरुंग यांची सरकारी आकडेवारी आहे. घाईत असलेल्या वाचकाने निदान भीतीवरचे प्रकरण वाचावेच.

उणिवाही तेवढ्याच ठळक आहेत. एकूण मुलाखतींना २२ ने भागले तर एका राज्याच्या वाट्याला सरासरी सातशेच्या आसपास मुलाखती येतात. तेवढ्यावरून महाराष्ट्राबद्दल ढोबळ अंदाज बांधता येतो. परंतु बीड आणि ठाणे यांत फरक काय, हे सांगता येत नाही, आणि रहिवाशाचा संबंध तर त्याहूनही लहान घटकाशी, आपल्या पोलीस ठाण्याशी आणि बीट अंमलदाराशी, म्हणजे आपला भाग सांभाळणाऱ्या पोलिसाशी, येतो. दुसरी उणीव मतदारयादीतच दडलेली आहे. ऊसतोडीला गेलेले कुटुंब किंवा बांधकामावर राहणारा मजूर यादीतल्या पत्त्यावर सापडत नाही. पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतल्या अनेकांकडे तर कागदपत्रेच नसतात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशयाची पहिली नजर अजून त्यांच्याच पालावर जाते. पोलिसांशी ज्यांचा सर्वांत जास्त संबंध येतो, तेच अशा नमुन्यातून निसटतात, आणि आलेच तरी सातशेंत त्यांची संख्या नगण्य राहते.

वाचताना अहवालकर्त्यांची भूमिकाही लक्षात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी ज्या याचिकेवर पोलीस सुधारणांचे सात निर्देश दिले, त्या निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेत कॉमन कॉज सहयाचिकाकर्ती होती, आणि इंडियन पोलीस फाउंडेशनशीही प्रकाश सिंह यांचे नाव निगडित आहे. म्हणजे दोन्हीकडची मंडळी सुधारणांच्याच बाजूची आहेत, हे चांगलेच. पण पंच कोणत्या संघाकडून खेळलेला आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असावे. त्याच सात निर्देशांतल्या, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या तक्रार प्राधिकरणाची तरतूद महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून केली. असे प्राधिकरण आहे हे किती रहिवाशांना माहीत आहे, हा प्रश्न मी यापुढच्या कोणत्याही सर्वेक्षणात अगदी वर ठेवीन.

पाचपैकी गुण द्यायचे तर २०१८ च्या अहवालाला चार, २०२१ च्या सर्वेक्षणाला अडीच. पहिला कॉमन कॉजच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, इंग्रजीत आहे आणि कोष्टकांमुळे जड जातो. त्याच मालिकेतला २०१९ चा अहवाल ११,८३४ पोलिसांच्याच मुलाखतींवर आधारलेला असून दिवसाला सरासरी चौदा तास काम असल्याचे त्यात नोंदले आहे. तो जोडीने वाचल्यास पहिल्यातल्या अनेक तक्रारींचे मूळ उमगते.

एखाद्या सोसायटीला किंवा मोहल्ला समितीला आपल्या भागापुरती पाहणी करायची असेल, तर प्रश्नांचा क्रम मात्र बदलावा. गेल्या तीन वर्षांत ठाण्यात गेला होता का, कशासाठी, गुन्हा दाखल झाला की नुसता अर्ज घेऊन परत पाठवले, हे आधी विचारावे आणि विश्वासाचा प्रश्न त्यानंतर ठेवावा. भरलेले अर्ज गोळा करायला ठाण्यातला अंमलदार पाठवू नये, मग तो कितीही भला आणि ओळखीचा असो.