बेसा साइडचं काचेचं रो हाऊस : पूर्ण उन्हाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

नागपुरात बेसा साइडला काचेच्या भिंतीचे ओपन प्लॅन रो हाऊस झालेत, त्यातलं एक आम्ही भाड्यानं घेतलं अन् अख्खा उन्हाळा तिथं काढला, म्हणून लिहून राहिलो. बिल्डरचं नाव टाकत नाही, कारण असा प्लॅन आता बरेच जण देऊन राहिलेत.

आधी चांगलं सांगतो. उत्तरेकडची काच एक नंबर! दिवसभर लाइट लावायची गरज नाही, जूनमधे सकाळ-संध्याकाळ थोडं तिरपं ऊन येतं तेवढंच, अन् पाऊस सुरू झाला की आई तिथून हलत नाही. हॉल, डायनिंग, किचन सगळं एकच असल्यामुळे भाजी चिरता चिरता पोरांचा अभ्यासही घेता येतो, हे मला खरंच आवडलं.

पण हॉलची मोठी काच पश्चिमेला, खालपासून छतापर्यंत, अन् ती पण फिक्स. नागपूरमधे मे महिन्यात दुपारी बाराचं ऊन जवळपास डोक्यावर असतं, ते साध्या छज्ज्यानं अडते. चारनंतरचं ऊन मात्र आडवं येते, छज्ज्याखालून सरळ सोफ्यावर. आतून पडदा लावून काही होत नाही, कारण ऊन काचेतून आत आलेलंच असते अन् मग पडदाच तापतो. अडवायचं तर बाहेरूनच, म्हणजे बांबूची चटई, ग्रीन नेट नाहीतर झाड. २०१३ च्या मे मधे ४७.९ डिग्री पाहिलेल्या गावात हे प्लॅन काढणाऱ्याला सुचू नये?

सगळ्यात मोठा प्रॉब्लेम कूलरचा. कूलर ओली हवा आत ढकलतो, ती जायला समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर घर नुसतं चिपचिप होते. इथं कूलर बसवायला खिडकीच नाही, वाळ्याचा वास तर विसराच. म्हणजे एसीच, अन् जिना हॉलमधूनच वर जातो, त्यामुळे एका खोलीपुरता एसी लावायची सोयच नाही, गरम हवा वर जमते अन् वरच्या बेडरूम रात्री उशिरापर्यंत भट्टी. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लाइट गेली की काय होत असंल ते समजून घ्या.

ओपन किचनमधे सावजी मसाला भाजला की वास गादीपर्यंत, चिमणी असूनही. अन् अंधार पडला की रस्त्यावरून सगळं घर दिसते, मग पडदे ओढूनच बसा.

ही फॅशन आली ती अमेरिकेतून. मीस व्हॅन डर रोह या आर्किटेक्टचं फार्न्सवर्थ हाऊस १९५१ चं, चारही बाजूंनी काच, पण ते नदीकाठी झाडांत एकटं उभं आहे, तरी मालकीणबाईंनी उन्हाळ्यातल्या गरमीची तक्रार केलीच होती. फिलिप जॉन्सन या दुसऱ्या आर्किटेक्टनं १९४९ मधे स्वतःसाठी काचघर बांधलं, तर समोरच विटांचं बंद घरही बांधलं. आपल्याकडे प्लॉटला प्लॉट लागून, समोर शेजाऱ्याची गॅलरी, अन् ते विटांचं घर कुठून आणायचं?

माझ्याकडून पाचपैकी अडीच, त्यातले दोन उत्तरेच्या काचेचे. घ्यायचं असंल तर साइटवर दुपारी चार-साडेचारला जा, सकाळी बिलकुल नको, अन् विचारा की पश्चिमेला काय आहे, काच डबल आहे का सिंगल, किती पल्ले उघडतात अन् कूलर कुठं बसंल.