पीडीएलसी स्मार्ट फिल्म: क्लिनिकमध्ये एक पावसाळा काढल्यावर

गेल्या दिवाळीत माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये दोन ठिकाणी पीडीएलसी (पॉलिमरमध्ये विखुरलेले द्रवस्फटिक, म्हणजे लिक्विड क्रिस्टल) प्रकारची, काचेवर चिकटवायची स्मार्ट फिल्म लावून घेतली: तपासणीच्या खोलीचं काचेचं पार्टिशन आणि पश्चिमेची खिडकी. मधे उन्हाळा झाला, पावसाळाही सरला.

पार्टिशनवर बेहद्द खूश आहे. बटण दाबलं की क्षणात काच आरपार, बंद केलं की दुधाळ. वीज लागते ती आरपार ठेवायला. फिल्मच्या दोन्ही पदरांवर आतून इंडियम टिन ऑक्साइड या वीज वाहणाऱ्या पारदर्शक पदार्थाचा, नॅनोमीटरमध्येच मोजावा इतका पातळ थर असतो. त्याला वीज मिळाली की मधले द्रवस्फटिकांचे थेंब एका दिशेला वळतात आणि उजेड सरळ पार जातो. वीज तुटली की पुन्हा विस्कळीत. म्हणजे भर दुपारी लाइट गेले तरी टेबलावरचा पेशंट उघडा पडत नाही. आमच्याकडचे लाइट बघता एवढ्यासाठीसुद्धा घ्यावी!

तरी भिंतीइतकी खात्री धरू नका. दुधाळ काचेला आतून हात टेकला तर बाहेरून पाची बोटं स्पष्ट दिसतात. हातभर मागे सरकलं की नुसती सावली. टेबल मी काचेपासून लांब नेलं. आणि आरपार असतानाही तिरकं पाहिलं तर किंचित धुकं दिसतंच.

खिडकीचे पैसे मात्र पाण्यात. ‘ऊन अडवते’ असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. ही फिल्म उजेड अडवत नाही, विखुरते. चार वाजता अख्खी काच पांढरीफेक पेटते, उकाडा होता तेवढाच. अंधार हवा तर इलेक्ट्रोक्रोमिक काच, बोइंग ७८७ विमानाच्या खिडक्यांना असते त्या जातीची. ती खरंच गडद होते, पण सावकाश, आणि असल्या चिकटवायच्या फिल्मच्या खर्चात बसत नाही.

पावसाळ्यात पार्टिशनच्या खालच्या कडेने ओल शिरली. तिथला बोटभर पट्टा आता बटण चालू असतानाही पांढराच राहतो. पुसताना पाणी फडक्यावर घ्यायचं, काचेवर फवारायचं नाही. हे फिल्म लावणाऱ्याने सांगायला हवं होतं. आता तो म्हणतो, अख्खी शीट बदला. पट्टा वर चढत नाही तोवर मी बदलणार नाही. खिडकीला जाड पडदा कधीच लागलाय.