माणूस वाचतो की प्रेम? सर्वायवल पिक्चरमधल्या लव्हस्टोऱ्यांचा रिव्ह्यू

आधीच सांगते, खाली सगळ्या पिक्चरचे शेवट फोडलेत, कारण मला बोलायचंय तेच मुळी शेवटांबद्दल. 'ट्रॅप्ड' आणि 'मंजुम्मेल बॉइज' बघितला नसेल तर आधी बघून या, बाकीच्यांनी बसा.

तर सध्या आमच्याकडे वीकेंडला सर्वायवल पिक्चर चालू आहेत. म्हणजे कोणीतरी कुठेतरी अडकलंय, खायला नाही, प्यायला नाही, आणि आता हा बाहेर येणार कसा, असले. नवऱ्याला तो गाठी कशा मारतो, पाणी कसं साठवतो यात इंटरेस्ट, आणि मी आपली बघत बसते की याची ती बाहेर असलेली बाई सध्या काय करतेय. एकापाठोपाठ एक बघितल्यावर असं लक्षात आलं की या पिक्चरवाल्यांचा एक हिशोब ठरलेला आहे, एकतर माणूस वाचणार नाहीतर प्रेम वाचणार, दोन्ही एकदम घरी येणं फार क्वचित. मग मी त्याच मापाने सगळ्यांना मार्क द्यायला घेतले.

सुरुवात अर्थातच 'टायटॅनिक'. खरं जहाज १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११:४० ला हिमनगावर आदळलं आणि २:२० ला तळाला निघालं, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटांत खेळ खल्लास. १९९७ चा पिक्चर सव्वातीन तासांचा आहे आणि हिमनग यायलाच दीड तासाच्या वर लागतो, तोपर्यंत नुसतं प्रेम, थुंकायला शिकणं, चित्र काढणं, खालच्या डेकवर नाचणं वगैरे. लहानपणी वाटायचं की हे सगळं कधी संपतंय आणि जहाज कधी बुडतंय. आता बघताना वाटतं की दिग्दर्शक कॅमेरॉनचं गणित बरोबर होतं, कारण पंधराशेच्या आसपास माणसं मेली हा आकडा ऐकून कोणाला रडू येत नाही, पण एका पोराचे ओठ निळे पडताना दिसले की थेटर हुंदके देतं.

जहाज बुडाल्यावर रोझ ज्या फळीवर तरंगत राहते आणि तिचा जॅक पाण्यातच गारठून मरतो, त्या फळीवरून अजून भांडणं चालू आहेत, की बाई जरा सरकली असती तर काय बिघडलं असतं! कॅमेरॉनने शेवटी वैतागून २०२३ मध्ये टीव्हीवर स्टंटवाल्या जोडीला थंड पाण्यात उतरवून प्रयोगच करून दाखवला आणि कबूल केलं की अमुक पद्धतीने बसले असते तर कदाचित दोघंही वाचले असते. त्या फळीचा २०२४ मध्ये लिलाव झाला आणि ती सात लाख डॉलरच्या वर गेली, म्हणजे जॅकला जागा नव्हती पण फळीला गिऱ्हाईक मिळालं. पण माझं म्हणणं असं की सगळे फळीत अडकतात आणि शिट्टी विसरतात. रोझ मेलेल्या जॅकचा हात सोडते, त्या पाण्यात उतरते, मेलेल्या ऑफिसरच्या तोंडातली शिट्टी ओढून काढते आणि फुंकत राहते. जॅकने तिच्याकडून जगायचं वचन घेतलेलं असतं आणि ते पाळायला तिला बर्फासारख्या पाण्यात हातपाय मारावे लागतात. हे मला गाण्याबिण्यापेक्षा, त्या डेकवर हात पसरून उभं राहण्यापेक्षा कितीतरी रोमँटिक वाटतं. माणूस गेला, प्रेम वाचलं. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो रोझच्या त्या होणाऱ्या नवऱ्यासाठी, बुडत्या जहाजावर पिस्तूल घेऊन पळणारा इतका सरळसोट व्हिलन कशाला हवा होता, समुद्र होता की!

'केदारनाथ' (२०१८) हाच साचा घेऊन डोंगरावर गेलाय. जून २०१३ चा पूर, मुलगा पिठ्ठू म्हणजे यात्रेकरूंना पाठीवर वाहून नेणारा मुसलमान, मुलगी पुरोहिताची. शेवटी हेलिकॉप्टरमधली जागा तो दुसऱ्याला देतो आणि स्वतः जातो. सुशांत आवडतो मला, पण इथे पूर हा पूर वाटतच नाही, घरच्यांनी परवानगी दिली नाही म्हणून वरच्याने पाणी सोडलं असं वाटतं. इतकी माणसं गेली त्यात, अजून कितीतरी जणांचा पत्ता नाही, आणि ते सगळं शेवटी कुठेतरी उरकून टाकायचं हे मला पटत नाही. दोन स्टार.

आता खरी मजा. 'कास्ट अवे' (२०००) आणि 'ट्रॅप्ड' (२०१७) हे लागोपाठ बघा, एकदा करून बघाच. एक माणूस पॅसिफिकमधल्या बेटावर चार वर्षं, दुसरा मुंबईत प्रभादेवीला रिकाम्या टॉवरच्या पस्तिसाव्या मजल्यावर. आणि दोघांचा शेवट जवळजवळ एकच आहे, दोघंही पोरीसाठी जगतात, परत येतात आणि पोरीचं लग्न झालेलं असतं.

'कास्ट अवे'मध्ये टॉम हँक्सकडे प्रेयसी केलीने दिलेलं खिशातलं घड्याळ असतं, आत तिचा फोटो. तो फोटो बघत चार वर्षं काढतो हे सगळं ठीक, पण खरं प्रेमप्रकरण त्या व्हॉलीबॉलशी आहे बरं का. तो बॉल, म्हणजे विल्सन, वाहून जातो तेव्हा जसा तो धाय मोकलून रडतो तसा केलीसाठी एकदाही रडत नाही. आणि बेटावर पार्श्वसंगीत नाहीच, बेटावरून निघेपर्यंत एक सूर वाजत नाही, नुसत्या लाटा आणि वारा, त्यामुळे प्रेमबीम दाखवायला जे सोपे उपाय असतात ते सगळे बंद. हँक्सचं वजन उतरावं म्हणून शूटिंग वर्षभर थांबवलं होतं. पोटासाठी एवढा वेळ दिला, तसाच परत आल्यानंतरच्या भागालाही दिलाय याचं मला जास्त कौतुक आहे, बाकीचे पिक्चर सुटका झाली की नावं वर सोडतात. इथे तो परत येतो आणि कळतं की केलीने डेंटिस्टशी लग्न केलंय, त्याच्याच ओळखीतल्या. आता बेटावर या गड्याने दुखरी दाढ आइस स्केटने ठोकून काढलेली असते! हा विनोद लिहिणाऱ्याने मुद्दाम केलाय की नाही माहीत नाही, मी मात्र हसले आणि मग एकदम वाईट वाटलं. पावसात दोघं भेटतात, मिठी मारतात, गाडीत बसतात, आणि तिथून तोच तिला तिच्या घरी सोडतो. केली वाईट नाहीये, नवरा वाईट नाहीये, कोणीच वाईट नाही. ती थांबली नाही कारण तिने त्याला मेलेला समजून रडून घेतलं होतं. पाचपैकी पाच.

'ट्रॅप्ड'मधला शौर्य तर घर शोधायला निघतोच नूरीसाठी. तिचं लग्न दुसरीकडे ठरलंय, पळून लग्न करायचं तर खोली पाहिजे, खोली पाहिजे तर परवडणारी पाहिजे, म्हणून एका दलालाच्या नादाने त्या 'स्वर्ग' नावाच्या भुताटकी बिल्डिंगमध्ये राहायला जातो आणि चावी बाहेर राहून दार धाडकन बंद होतं. लाइट नाही, पाणी नाही, मोबाइल मरायला टेकलेला. खाली सगळी मुंबई दिसतेय आणि कोणाला याचा आवाज जात नाही. मुंबईत घर शोधलेल्या कुठल्याही माणसाला हा पिक्चर हॉरर वाटेल, नवरा तर म्हणाला की हा सर्वायवल पिक्चर दार बंद व्हायच्या आधीपासूनच चालू आहे, आणि बरोबरच आहे ते. इथे घर असेल तरच प्रेमाला काही अर्थ, नाहीतर बँडस्टँडच्या दगडावर बसा.

राजकुमार रावचा शौर्य शाकाहारी असतो आणि मग कबूतर खायची वेळ येते. तो सीन बघवत नाही, पण माझ्यासाठी पिक्चर तिथे फिरतो, कारण तिथपासून नूरीचं नाव मागे पडत जातं. सुरुवातीला धडपड तिच्या लग्नाआधी पोचायची असते, नंतर नंतर फक्त पाणी, आग, लोखंडी ग्रिल, उंदीर. हे फार खरं आहे. घसा सुकला की प्रेम आठवत नाही हो, बिसलेरी आठवते. पाऊस आल्यावर मिळेल त्या भांड्यात पाणी धरतानाचा त्याचा आनंद बघा, आणि मग सुरुवातीला नूरीसोबतचा बघा, पहिला दुप्पट आहे. दिग्दर्शक विक्रमादित्य मोटवानेने हे कुठेही डायलॉगमध्ये बोलून दाखवलं नाही याबद्दल त्याला वेगळा अर्धा स्टार. शेवटी हा बाहेर येतो, नूरीचं लग्न झालेलं, तिला वाटलेलं की हा घाबरून पळाला. बेटावर हरवलेल्याचं विमान पडल्याची बातमी तरी असते, मुंबईतल्या मुंबईत पस्तिसाव्या मजल्यावर हरवलेला माणूस म्हणजे फक्त फोन न उचलणारा बॉयफ्रेंड! म्हणून मला 'ट्रॅप्ड'चा शेवट 'कास्ट अवे'पेक्षा जास्त लागला. साडेचार.

आता तुम्ही म्हणाल 'मिली'मध्ये दोघंही वाचतात. हो, मूळ मल्याळम 'हेलन' (२०१९) आणि तिचाच हिंदी रीमेक 'मिली' (२०२२), फास्टफूडवाल्याच्या फ्रीझरमध्ये रात्रभर कोंडली गेलेली मुलगी. ती वाचते, बॉयफ्रेंडही राहतो. पण तिला वाचवतं कोण? बॉयफ्रेंड रात्रभर पोलिसांच्या तावडीत, बाप सैरावैरा, आणि सुगावा लागतो तो वॉचमनमुळे, कारण ही एकटीच मुलगी रोज जाता-येता त्याच्याकडे बघून हसते, आणि त्या दिवशी आत जाताना हसली पण बाहेर जाताना हसलेली त्याला आठवत नाही. आख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात प्रेमळ धागा हा आहे आणि तो लव्हस्टोरीचा नाहीच. बाकी पिक्चर ठीक, मूळ 'हेलन'च बघा.

एक गंमत, '१२७ अवर्स', 'मिली' आणि 'आडुजीवितम' तिन्हीचं म्युझिक रहमानचं. अडकलेल्या माणसांना रहमानच लागतो वाटतं.

'आडुजीवितम' (२०२४) बद्दल मात्र तक्रार आहे. केरळातून सौदीला कामाला गेलेला नजीब वाळवंटात बकऱ्यांच्या वाड्यावर गुलाम होतो. आपल्या कोकणातही कितीतरी घरांतली माणसं आखातात गेलेली आहेत, त्यामुळे एअरपोर्टवर कोणीतरी भलताच माणूस घेऊन जातो तो सीन बघताना पोटात गोळा आला. नजीब झालेल्या पृथ्वीराजने शरीराचं जे केलंय ते बघवत नाही इतकं खरं आहे. पण मध्ये मध्ये बायकोच्या आठवणी येतात, नदी, हिरवळ, पाण्यात रोमान्स, गाणं. दिसायला सुंदर, वाळवंटात पाणी आठवणार हेही बरोबर, तरी दर वेळी वाटायचं की दिग्दर्शकाला भीती वाटतेय की आपण कंटाळू. त्या गाण्यापेक्षा घरून आणलेलं लोणचं तो कोरड्या खुबूसला, म्हणजे तिकडच्या रोटीला, लावून खातो ना, तेवढ्यात मला त्याची बायको, आई, घर सगळं दिसलं. तीन स्टार, लोणच्यासाठी साडेतीन.

रोमान्स अजिबात नको असेल तर 'सोसायटी ऑफ द स्नो' (२०२३). १९७२ साली अँडीजमध्ये पडलेलं उरुग्वेचं विमान, ४५ जणांपैकी १६ वाचले, ७२ दिवस बर्फात. कोणाची प्रेयसी घरी वाट बघतेय असलं फोटो काढून दाखवणं नाही. उलट तिथली पोरं एकमेकांना सांगतात की मी मेलो तर माझं शरीर खा. याच्यापुढे कुठली लव्हस्टोरी टिकणार सांगा. जेवताना लावू नका एवढंच.

आणि मग 'मंजुम्मेल बॉइज' (२०२४), ज्याने माझं सगळं मार्कांचं गणित बिघडवलं. कोचीजवळची पोरं कोडाईकनालला फिरायला जातात, गुणा केव्हमध्ये एक जण खोल खड्ड्यात पडतो, पोलीस हात वर करतात, शेवटी मित्रच दोर बांधून खाली उतरतो. २००६ ची खरी घटना. पिक्चरमध्ये हिरोईन नाही, लव्ह अँगल नाही, आणि तरीही त्या वर्षातला सगळ्यात मोठा रोमँटिक सीन यातच आहे. कमल हासनच्या १९९१ च्या 'गुणा'मधलं इळैयराजाचं प्रेमगीत, ज्यात हे माणसांचं साधंसुधं प्रेम नव्हे असं काहीतरी म्हटलंय, ते बरोब्बर त्या क्षणी वाजतं जेव्हा चिखलाने आणि रक्ताने माखलेले दोन मित्र एका दोराला लटकून वर येत असतात. तामिळ एक अक्षर कळत नसताना आमच्या हॉलमध्ये सगळे गप्प. पोरीसाठी लिहिलेलं गाणं मित्रासाठी वापरलं आणि ते तिथे जास्त फिट बसलं, आता काय बोलणार. माणूस पण वाचला, प्रेम पण वाचलं. पाच.

शेवटचा 'सैराट' (२०१६), आणि हो, मी तो याच यादीत टाकणार. लोक त्याला लव्हस्टोरी म्हणतात कारण गाणी, विहीर, बुलेट आणि झिंगाट सगळं पहिल्या भागात आहे. दुसरा भाग बघा. हैदराबादची झोपडपट्टी, भाषा येत नाही, पैसे संपलेले, परशा डोशाच्या गाडीवर, अर्ची बाटल्यांच्या कारखान्यात. पाटलाची पोर, जिला स्वयंपाक येत नाही, ती आता पत्र्याच्या खोलीत संसार शिकतेय. परशा संशय घेऊन हात उचलतो, ती निघून जाते, परत येते. बाहेरचा कुठला हिमनग नाही की पूर नाही, पण रोज उठून जगायचं कसं हाच प्रश्न आहे आणि नागराज मंजुळे तो अजिबात घाई न करता दाखवतो. मला अर्ची ट्रॅक्टर चालवताना जेवढी आवडते त्यापेक्षा ती तेलुगू शिकून कामावर जाताना जास्त आवडते. आणि सगळं जमल्यावर, घर झाल्यावर, पोर झाल्यावर, स्कूटी आल्यावर माहेरची माणसं पिशव्या घेऊन दारात. निसर्गाने इथे काहीच केलेलं नाही, आणि या यादीत इथेच दोघंही जातात. मार्क देत नाही. थेटरात पहिल्या भागात शिट्ट्या मारणारी तीच पोरं शेवटी उठायलाच तयार नव्हती.

एका वीकेंडला दोनच बघणार असाल तर शनिवारी 'ट्रॅप्ड' आणि रविवारी 'मंजुम्मेल बॉइज', उलट क्रमाने नको, नाहीतर सोमवारी ऑफिसला जाताना लिफ्टमध्ये घाम फुटेल. 'टायटॅनिक' सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांसोबत, फळीवरून भांडायची तयारी ठेवून. 'केदारनाथ' गाण्यांपुरता. पुढच्या खेपेला नवऱ्याने 'द मार्शियन' लावायचं ठरवलंय, त्यात म्हणे बटाटे आहेत आणि लव्हस्टोरी नाही, बघू.