ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह : आधी गाव, मग नाव

बारा गावचं पाणी प्यायलेल्या एखाद्या जुन्या इंग्लिश फुटबॉलपटूची कारकीर्द सामन्यागणिक उभी करायची असेल, तर या वेबसाइटवर पैसे टाकायला हरकत नाही. पण वर्गणी एकाच महिन्याची घ्यावी आणि तीही तयारी पूर्ण झाल्यावर. नुसतं आडनाव टाकून शोधत बसलात, तर महिना सरेल आणि हाती धुपाटणं येईल.

२०११ पासून सुरू असलेल्या या साइटवर ब्रिटिश लायब्ररीतल्या जुन्या वर्तमानपत्रांची कोट्यवधी पानं स्कॅन करून ठेवली आहेत. शोध फुकट आहे, निकालात मजकुराचे दोन-चार तुकडेही दिसतात. पूर्ण पान उघडायचं तर बहुतेक ठिकाणी पैसे पडतात.

उदाहरणाला आर्थर रोली घेऊ. १९४६ ते १९६५ या काळात तो चार क्लबांकडून ६१९ लीग सामने खेळला आणि त्यानं ४३४ गोल केले. वेस्ट ब्रॉमिच अल्बियनसाठी २४ सामन्यांत ४, फुलहॅमसाठी ५६ मध्ये २७, लेस्टर सिटीसाठी ३०३ मध्ये २५१ आणि श्रूजबरी टाउनसाठी २३६ मध्ये १५२. इंग्लिश लीगमध्ये इतके गोल दुसऱ्या कुणाच्याच नावावर नाहीत. तरीही इंग्लंडच्या मुख्य संघातून तो एकदाही खेळला नाही, आणि बरेचसे गोल खालच्या डिव्हिजनमधले, म्हणजे लीगच्या खालच्या स्तरांवरचे. अशा खेळाडूला लंडनच्या दैनिकांत जेमतेम एक ओळ मिळते. रकाने भरून लिहितो तो गावचा पेपर, आणि गावचे पेपर हीच या साइटची खरी दौलत आहे.

आता गोची कुठे होते ते पाहू. त्या काळच्या बातमीत फक्त आडनाव छापत. रोलीचा थोरला भाऊ जॅक मँचेस्टर युनायटेडचा सेंटर फॉरवर्ड. १९४९-५० मध्ये आर्थर फुलहॅमला होता आणि दोघेही फर्स्ट डिव्हिजनमध्ये. १९५५-५६ मध्ये जॅक प्लिमथला, आर्थर लेस्टरला. पुन्हा दोघे एकाच, म्हणजे सेकंड डिव्हिजनमध्ये. ‘मँचेस्टर’ हा शब्द वगळून शोध घेण्याची युक्ती सुचते, पण ती उलटते. दिवसभरातल्या सामन्यांचे सगळे निकाल मशीननं बहुधा मजकुराचा एकच तुकडा म्हणून पकडलेले असतात, त्यामुळे एका भावाला हाकलायला गेलं की दुसराही जातो. त्यापेक्षा लेस्टरच्या सामन्यांसाठी ‘लेस्टर ईव्हनिंग मेल’ आणि फुलहॅमसाठी ‘फुलहॅम क्रॉनिकल’ असं वर्तमानपत्रच निवडावं, मग तारखेची चाळणी लावावी आणि नाव शेवटी टाकावं. किंवा टाकूच नये. तारीख पक्की असेल तर खेळाचं पान सरळ उघडून डोळ्यांनी वाचणं जलद पडतं.

कारण मशीननं वाचलेल्या मजकुरावर भिस्त ठेवता येत नाही. संघांची यादी सर्वांत बारीक टाइपात असते. तिथे रोलीचा ‘बोली’ होतो, अरुंद रकान्यात नाव दोन ओळींत तुटतं, शाई फुटलेली असेल तर ते नाहीसंच होतं. चुकीचा मजकूर वाचकाला दुरुस्त करता येतो, ही सोय चांगली आहे.

शनिवारी संध्याकाळी निघणारे क्रीडापेपर, उदाहरणार्थ बर्मिंगहॅमचा ‘स्पोर्ट्स आर्गस’, जपून वापरावेत. सामना दुपारी तीनला, हिवाळ्यात त्याहून आधी सुरू व्हायचा आणि वृत्तांत फोनवरून तुकड्यातुकड्यानं यायचा. त्यामुळे पहिल्या हाफचं वर्णन ऐसपैस आणि शेवटच्या वीस मिनिटांची दोन वाक्यांत बोळवण. उशिरा गोल करणाऱ्याचं नाव चुकलेलं किंवा गाळलेलं सापडतं. शनिवारच्या अंकातून संघ घ्यावा, गोल सोमवारच्या अंकावरून पडताळावेत. एक गोष्ट मात्र सोपी आहे. लीगमध्ये बदली खेळाडू १९६५-६६ पासून आले, तोवर रोली निवृत्त झाला होता. म्हणजे छापलेले अकरा तेच खेळलेले अकरा.

१९५६ पर्यंतचे वृत्तांत तोकडे वाटले तर दोष साइटचा नाही. युद्धामुळे १९४० पासून ब्रिटनमध्ये छपाईच्या कागदावर रेशनिंग होतं आणि पेपर मोजक्या पानांचे निघत.

मे महिन्याची पानं मात्र चुकवू नयेत. करार साधारण वर्षाचा असे आणि हंगाम संपताच प्रत्येक क्लब कुणाला ठेवलं, कुणाला विक्रीला काढलं याची यादी देई. पेपर ती छापत. कमाल पगाराची मर्यादा १९६१ मध्ये उठेपर्यंत खेळाडूच्या हाती फारसं काही नव्हतं. १९५८ नंतरही हंगामात आठवड्याला पगार जास्तीत जास्त २० पौंड. माणूस गाव का बदलतो, हे गोलांच्या बातम्यांपेक्षा या यादीतून लवकर कळतं. राखीव संघाचे सामनेही पाहावेत. अल्बियनकडे फक्त २४ सामने का, याचा माग ‘सेंट्रल लीग’ (राखीव संघांची लीग) असा शोध घेतल्यावर लागू शकतो.

तयारी अशी. क्लबच्या सामन्यांच्या तारखा आधी कागदावर उतरवा. लेस्टरचे आठ हंगाम, प्रत्येकी ४२ सामने, म्हणजे ३३६. त्यातले ३०३ रोली खेळला. शोधायचे ते उरलेले ३३. मग हव्या त्या पेपरची कोणती वर्षं साइटवर आहेत ते त्याच्या पानावर पाहा. हे पैसे न भरता दिसतं. मधलीच दोन वर्षं गायब असतील, तर वर्गणी भरू नका. ब्रिटनमध्ये कुणी नातेवाईक असेल तर आधी त्यांना जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारायला सांगा. बऱ्याच वाचनालयांत ही साइट फुकट उघडते.